झोळीखालचं घोंगडं

१

थंडी वरून येत नाही, खालून येते, हे अंबिकाला तिच्या सासूनं शिकवलं. शिकवलं म्हणजे आधी चार बोल सुनावले आणि मग शिकवलं. अंबुबाईची रीतच तशी होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी बोलणी खायची वेळ अंबिकानं स्वतःच आणली होती. चार महिन्यांच्या एवढ्याशा पोरीच्या अंगावर तिनं दोन दुपटी, एक शाल आणि वर नवऱ्याचा स्वेटर एवढं रचून ठेवलं होतं, आणि तरी प्रतीक्षा रात्रभर खोकत होती. आळंदच्या डॉक्टरनं स्पष्ट बजावलं होतं, पोरीच्या छातीत कफ भरलाय, आता पुन्हा गारठा लागला तर माझ्याकडं आणत बसू नका, सरळ गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तेव्हापासून अंबिका धास्तावली होती, आणि त्या भीतीपायी ती दिसेल तो कपडा पोरीवर टाकत होती.

कडगंचीच्या माळावर मोठमोठ्या इमारती उठत होत्या त्या वर्षांतली ही गोष्ट. औरादकडच्या चिंताकीहून ही माणसं दिवाळीनंतर इथं कामाला आली. श्रीशैल सळई बांधायला, त्याची बायको अंबिका घमेली वाहायला आणि आई अंबुबाई नात सांभाळायला. राहायला तळमजल्यावरची एक खोली मिळाली होती. स्लॅब पडला होता, भिंती उठल्या होत्या, पण गिलावा नाही, फरशी नाही, दार-खिडकी तर नाहीच. दाराच्या जागी पोत्यांचा पडदा. माळावरचं वारं खिडकीच्या भोकातून आत यायचं, खोलीभर हिंडायचं आणि पडदा उचलून निघून जायचं. छताला पंख्यासाठी सोडलेल्या दोन लोखंडी कड्या होत्या. त्यांना जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती.

"वर कितीबी घाल, पोर खालून उघडीच हाय," अंबुबाई म्हणाली. मग तिनं पत्र्याच्या पेटीच्या तळातून काळं घोंगडं काढलं.

अंबुबाईचं माहेर आणि सासर, दोन्हीकडची माणसं कधीकाळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची. आता मेंढरं गेली, घोंगडं तेवढं राहिलं. बाभळीला झोळी टांगून त्यात लेकरं निजवायची आणि झोळीच्या खालून घोंगडं बांधायचं, अशी त्यांची पद्धत. घोंगडं झोळीच्या आत घातलं तर लेकराच्या भारानं लोकर दबते, आणि दबलेली लोकर ऊब धरत नाही. म्हणून ते खाली, वेगळ्या दोरीनं टांगायचं. भार सगळा झोळीनं पेलायचा. घोंगड्यानं काहीही पेलायचं नाही, नुसतं टेकून राहायचं. घट्ट झालं तर ऊब जाते, सैल झालं तर मधून वारं फिरतं. झोळी आणि घोंगडं यांच्यामधे हात घालून बघायचं. सपाट तळवा जायला पाहिजे, मूठ जायला नको.

अंबिकानं तळवा घालून बघितलं, दोरी थोडी वर घेतली, पुन्हा बघितलं. त्या रात्री प्रतीक्षा एकदाही खोकली नाही. पहाटे उठून अंबिकानं पोरीच्या पाठीखाली हात लावला तर पाठ चांगली ऊबदार होती. तिला इतका आनंद झाला की सासूच्या पाया पडावंसं वाटलं, पण सासू आणखी दोन बोल सुनावेल म्हणून ती गप्प चूल पेटवायला गेली.

२

कामावर जाण्याआधी दोरी बघायची, ही मग तिची रोजची सवय झाली. सकाळी तळवा जाईल एवढं अंतर ठेवून ती जायची. दुपारी पोरीला पाजायला यायची तेव्हा मधे मूठ जायची.

दोन-चार दिवस तिनं त्याचा विचारही केला नाही. सुतळीच ती, ताणणारच. वर घेतली, गाठ मारली, झालं. पण एका दुपारी गाठ सुटता सुटेना. इतकी आवळली होती की तिला दात लावावे लागले, आणि दातांनी सुतळी ओढता ओढता तिच्या मनात आलं, ही गाठ आवळली कशानं? झोळीची गाठ आवळली तर समजतं, तिच्यात पोर निजते. घोंगड्यात तर कोणीच नाही.

तिनं डोकं चालवलं. समोरच्या भिंतीवर दोन वेळा पाणी मारतात, त्याचा ओलावा हवेत येतो, सुतळी ओली होऊन ताणते. हे पटण्यासारखं होतं. श्रीशैलला सांगून तिनं नायलॉनची दोरी आणवली. नायलॉन ओलाव्याला दाद देत नाही. दुपारी मात्र मूठ गेली, आणि त्या मुठीखाली दुसरी मूठही गेली.

सासू तर हात लावत नसेल? अंबिकानं आडून आडून विचारलं. अंबुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली की मला पाणी भरायचं, सरपण आणायचं, भाकऱ्या थापायच्या, मी कशाला तुझ्या गाठी सोडत बसू. तेही खरंच होतं.

अमावस्येला काम बंद असतं. त्या दिवशी अंबिका सकाळपासून झोळीसमोर तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडून झाले तरी उठली नाही. दोरी हलली नाही, ताणली नाही, घोंगडं जिथल्या तिथं होतं. संध्याकाळी तळवा घालून बघितलं तर अंतर सकाळी ठेवलं तेवढंच. आपल्याच मनाचे खेळ, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली, आणि त्या रात्री तिला बरी झोपही लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दोन मुठी गेल्या.

३

श्रीशैलला हसू आलं. दिवसभर सळया बांधणाऱ्या माणसाला बायको दोरीची तक्रार सांगते, याची त्याला गंमत वाटली असावी. पण माणूस भला. त्यानं कमरेला खोचलेला, तार पिळायचा आकडा काढला, बांधणीची तार दुहेरी घेतली आणि घोंगड्याची दोन्ही टोकं तारेनं कडीपर्यंत पिळून टाकली. ही तार तुटेल पण ताणायची नाही, असं सांगून तो जेवायला बसला.

तार ताणली नाही, हे खरं. संध्याकाळी अंबिकानं बघितलं तर पीळ तसाच होता. पण आता घोंगडंच मधे खाली उतरलं होतं. लोकर ओढून धरल्यासारखी तटतटली होती आणि तिला खोलगा पडला होता. खोलगा पोरीच्या पाठीखाली असता तर अंबिका समजून गेली असती. तो पोरीपेक्षा बराच लांब होता. एका टोकाला रुंद, मधे निमुळता, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा जरा रुंद. घोंगडं जुनं आहे, कुठं घट्ट विणलेलं, कुठं विरलेलं, तिथं तिथं ते उतरणारच. अंबिकानं हे स्वतःला दोनदा सांगितलं.

सगळ्यात गोंधळाची गोष्ट अशी की पोरीचं बरं चाललं होतं. खोकला गेला. गालांवर मांस आलं. बाकीच्या खोल्यांतली लेकरं थंडीनं किरकिरत होती, आणि प्रतीक्षा तेवढी दिवसभर खुशीत. शेजारच्या खोलीतली राजूबाई म्हातारी गुडघ्यांमुळं कामावर जात नसे. तिनं एकदा अंबिकाला थांबवून कौतुकानं सांगितलं.

"तुझी पोर लई बोलकी हाय बघ. बोलती, मग गप ऱ्हाती, मग परत बोलती. जसं काय कुणी तिला जाब द्यायलंय."

लेकरं करतातच असं, राजूबाई म्हणाली. अंबिकाही म्हणाली, हो, करतातच.

४

मग पोर दुपारची प्यायची थांबली.

अंबिका सकाळभर घमेली वाहायची. उन्हं डोक्यावर आली की छाती दुधानं भरून दुखायला लागायची, पोलक्याला डाग पडायचे, आणि मुकादमानं शिट्टी मारली की ती जवळजवळ पळत खोलीवर यायची. दिवसभरात तिची स्वतःची अशी तेवढीच एक वेळ होती. त्या वेळेवर ती सकाळ काढायची. आता ती झोळीत हात घालायची तर पोर उपडी निजलेली असायची, नाक लुगड्यात खुपसून, खाली तोंड करून. या वयात पोर स्वतःहून उपडी होते याचं खरं तर कौतुक व्हायला हवं. अंबिका तिला उचलून पदराखाली घ्यायची. पोर तोंड लावायची नाही. पोट भरलेल्या लेकरासारखी मान फिरवायची आणि झोळीकडं बघायची. तिच्या ओठांच्या कडेला दुधाचा वास यायचा.

अंबिकानं सासूला विचारलं, शेळीचं दूध घालता का? पावडरचं? अंबुबाईनं नाही म्हटलं. या वेळी ती चिडली नाही, आणि तेच अंबिकाला खटकलं. अंबुबाई परातीत पीठ मळत होती. मळता मळता, वर न बघता बोलली.

"आमचा श्रीशैल बी असाच. मांडीवर कदी टिकला न्हाई बघ. घेतला की खालीच वाकायचा."

"मग तुमी काय केलासा, आत्याबाई?"

"काय करायचं? त्याच्या आदी दोन गेल्ते माजे, थंडीनंच. ह्यो जगला."

त्या रात्री अंबिकानं नवऱ्याकडं नीट बघितलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि हे तिनं रोजच बघितलं होतं, पण आज पहिल्यांदा मनात आलं. श्रीशैल कायम उपडा झोपायचा, गाल जमिनीला लावून. आई हाक मारायची तेव्हा तो चांगलं बोलायचा, विचारलेलं सांगायचा, आणि परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा उठून जायचा. पुष्कळ माणसं तशी असतात. अंबिकाचा सख्खा भाऊही फारसा बोलका नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, अंबिका झोळीजवळ गेली. अंबुबाई बाहेर चुलीपाशी होती. श्रीशैल टाकीवर हातपाय धुवायला गेला होता. पोर झोळीत निजली होती. अंबिकानं नेहमीसारखा तळवा वर करून हात मधे घातला. आता मूठ काय, अख्खा हात कोपरापर्यंत सहज जात होता.

तळव्याला लुगड्यातून पोरीचं पोट लागलं. ऊबदार, भराभर वर-खाली होणारं. लेकरांचा श्वास असतोच तसा. अंबिकाला जरा धीर आला. पोर बरी आहे, एवढं तरी आहे.

मग तिला जाणवलं की हाताच्या मागच्या बाजूलाही ऊब आहे.

लोकर गरम होते, लोकरीचं कामच ते, असं ती मनाशी म्हणत होती. पण मागची ऊबही हलत होती. वरचा श्वास भराभर चालला होता. खालचा सावकाश होता. वरचे चार-पाच होईपर्यंत खालचा एकदाच, मोठ्या माणसाचा, कामावरून येऊन पडलेल्या बाईचा असावा तसा. अंबिकानं हात काढला नाही. काढायचं तिला सुचलंच नाही. आपलंच मनगट उडतंय, आपल्याच नाडीचा हा ठोका, असं ती मोजून बघत राहिली, आणि तिची नाडी या दोन्हींपेक्षा वेगळी, केवढी तरी जोरात चालली होती.

बाहेरून अंबुबाईनं हाक मारली, तेव्हा तिनं हात काढला. हात कोरडा होता. त्याला मेंढरांचा आणि धुराचा वास होता, घोंगड्याला असतो तसाच.

६

तिनं श्रीशैलची पक्कड घेतली आणि तार तोडली. घोंगडं गुंडाळून पेटीत घातलं, पेटीवर पाण्याची घागर ठेवली. कोणी काही विचारण्याआधीच तिनं सांगून टाकलं की आजपासून पोर माझ्या कुशीत निजेल.

श्रीशैल म्हणाला, तुला पाहिजे तसं कर. अंबिका पोरीला पोटाशी धरून, दोन गोधड्या ओढून निजली, आणि पोर तिच्या पोटाशी गार पडत गेली. अंबिकानं तिला छातीवर घेतलं, पदरात गुंडाळलं, तळवे चोळले. पोर अंग ताठ करायची, कमान करून जमिनीकडं वाकायची. पहाटे खोकला आला. उजाडेपर्यंत छातीत घरघर लागली आणि ओठांचा रंग बदलायला लागला.

गुलबर्ग्याला जायची पहिली गाडी मुख्य रस्त्यावर यायला अजून वेळ होता. श्रीशैल गाडी बघायला पळाला. अंबिका पोरीला घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती. अंबुबाईनं घागर उतरवली, पेटी उघडली, घोंगडं झटकलं आणि सुनेच्या हातात दिलं. स्वतः बांधलं नाही.

"तुजं लेकरू हाय," ती म्हणाली. "तूच बांध न्हाईतर तूच ठिव."

अंबिकानं बांधलं. घाईत गाठी नीट पडल्या नाहीत. पोरीला वर ठेवलं, आणि ती झोळीला नुसती हात लावून उभी राहिली. चुलीवर चहा उतू गेला तोवर घरघर थांबली होती. श्रीशैल धापा टाकत परत आला तेव्हा पोर निजली होती, ओठ लाल होते. बरं झालं, गाडीत जागाच नव्हती, असं म्हणून त्यानं चहा घेतला आणि कामावर गेला.

७

दुपारी शिट्टी झाली तशी अंबिका आली. अंबुबाई पाण्याला गेली होती. बाहेर काँक्रीटचा मिक्सर बंद पडला होता, त्यामुळं सगळीकडं एकदम शांत वाटत होतं. छाती ठणकत होती. पोरीला उचलायचा धीर तिला होईना, कारण पोर पुन्हा मान फिरवेल हे तिला माहीत होतं आणि ते बघायची तिची ताकद उरली नव्हती. ती तशीच खाली बसली, मग झोळीखालच्या सिमेंटवर आडवी झाली.

वर घोंगडं होतं. खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं आणि काळ्या लोकरीवर पडलं होतं. खालून ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. लोकर ताणून बसली होती, आणि तिच्यातून पाठ दिसत होती. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या बाईची पाठ. खांद्याचं हाड, खाली मणक्यांची ओळ, मग कंबर. सकाळी गाठी सैल पडल्या होत्या म्हणून की काय, ते सगळं अगदी जवळ आलं होतं, हात वर केला तर लागेल इतकं.

झोळीत प्रतीक्षाला ठसका लागला. एकच, बारीक.

पाठ हलली. सावकाश वळली, आणि लोकर वरच्या बाजूला फुगली. कोणीतरी लेकराच्या अंगाला अंग लावून वर सरकलं होतं. ठसका थांबला. मग पोर बोलायला लागली, ते तिचं अं, अं, आणि गप्प राहिली, आणि पुन्हा बोलायला लागली.

पक्कड भिंतीशी पडलेली होती. अंबिकाला ती दिसत होती. तार आता नव्हतीच, नुसती दोरी होती, एका हिसक्यात सुटली असती. तिनं पोरीचे सकाळचे ओठ आठवले. अंबुबाईच्या आधीच्या दोन लेकरांची नावंसुद्धा कोणी कधी तिला सांगितली नव्हती, हेही तिला आठवलं. ती उठून बसली नाही. घोंगड्याकडं बघत, शेजारणीशी बोलावं तसं हळू बोलली. आपला आवाज इतका नरम येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. दुपारी तेवढी मला दे. दुपारी माजं दूध पिऊ दे तिला."

तिनं उठून दोन्हीकडच्या गाठी सोडल्या आणि दोरी आणखी सैल केली. किती करायची ते तिनं मोजलं नाही. खोलगा नीट बसला, लोकरीवरचा ताण गेला, तेव्हा थांबली.

दुसऱ्या दिवशी ती शिट्टीआधीच निघाली. मुकादम मागून ओरडत राहिला. खोलीत शिरली तर पोर उताणी होती, भुकेनं कळवळून रडत होती, दोन्ही हात वर करून. अंबिकानं तिला घेतलं आणि पोरीनं अशी काही ओढ घेतली की अंबिका भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. किती तरी दिवसांनी छाती हलकी झाली. पोर पिता पिता तिच्या तोंडाकडं बघत होती, तिचा पदर मुठीत धरून. अंबिका तिच्याशी बोलली, तिला हसवलं, तिचे पाय चावले. अंबुबाई दारात येऊन उभी राहिली आणि पडदा सोडून परत गेली.

संध्याकाळी हातपाय धुऊन अंबिका घाईनं आत आली. दुपारपासून तिच्या अंगात नुसता आनंद होता. तिनं झोळीतून पोरीला उचललं, छातीशी धरलं, हाक मारली. प्रतीक्षानं तिच्याकडं बघितलं. ओळख नसलेल्या बाईकडं लेकरू बघतं तसं, थोडं घाबरून. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती झोळीकडं झेपावून रडायला लागली.

अंबिकानं तिला परत ठेवलं. पोर लगेच गप्प झाली. अंबिकानं दुपारच तेवढी मागितली होती.